धरायचं नाही अशी कुस्ती

एका जंगलात, बाळांनो, एक घोरपड होती आणि ती कुस्ती खेळायची. हसू नका. हसायला पुढे भरपूर जागा ठेवली आहे. आधी मांडी घालून बसा आणि शेजारच्याच्या खोड्या काढणं बंद करा.

तर त्या घोरपडीचं नाव गिरजाक्का. अंग खरखरीत, बोलणं त्याहून खरखरीत, आणि पकड अशी की एकदा बसली की बसली. एकदा एका गव्याने पैज लावली, हिला शिंगावरून झटकून दाखवतो म्हणून. सकाळी त्याने मान हलवायला सुरुवात केली. दुपारी दमून तो झोपला. उठला तेव्हा गिरजाक्का शिंगावरच होती, आणि वर विचारते कशी, "झालं का तुमचं?"

पाच वर्षं ती त्या जंगलाची महिला वनकेसरी होती. आता केसर म्हणजे आयाळ. आयाळ सिंहाला असते, सिंहिणीलासुद्धा नसते, मग घोरपडीला कुठून असणार? पण किताबाचं नाव ठरलं त्या बैठकीत एकही मादी नव्हती, त्यामुळे ते तसंच राहून गेलं.

जिंकणारीला गदा मिळायची. गदेचं गिरजाक्काला फारसं कौतुक नव्हतं. ती तिने बिळाच्या तोंडाशी आडवी टाकून ठेवली होती, वारा अडतो म्हणून. पण गदेबरोबर उंबराखालचा लाल मातीचा आखाडा वर्षभर ताब्यात यायचा, आणि तिचा सगळा जीव त्या मातीत होता. ताक, रानहळद, तेल आणि लिंबू घालून ती माती ती स्वतः मळायची. रोज सकाळी उकरायची, खडा लागला तर वेचून टाकायची.

त्या मातीत अकरा मुली कुस्ती शिकत होत्या. दोन मुंगूस बहिणी होत्या. एक भेकर होतं. एक धामण होती, जिला लंगोट नेमका कुठे बांधायचा हा प्रश्न अजून सुटायचा होता. आणि एक होती टिल्ली सशीण. टिल्लीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच डाव शिकवला जात असे, तो म्हणजे पळून जाणं. ही पोर मात्र आली, मातीत उभी राहिली आणि पळाली नाही. गिरजाक्काने कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही, पण तिचा त्या पोरीवर फार लोभ होता.

आता सगळं सुरळीत चाललेलं असलं की काय होतं? बरोबर. समिती नेमली जाते.

झालं असं, की कुस्ती बघायला झाडांवर वानरं बसायची. मागच्या वर्षीच्या अंतिम कुस्तीत गिरजाक्काने एका रानडुकरिणीला पट काढून, म्हणजे पाय ओढून, खाली घेतलं आणि धरून ठेवलं. दोन तास दहा मिनिटं धरून ठेवलं. खाली काय घनघोर चाललं होतं ते त्या दोघींनाच ठाऊक. वरून वानरांना दिसत होती ती फक्त घोरपडीची पाठ. काही वानरं पेंगली, त्यातली दोन फांदीवरून खाली पडली, आणि दुसऱ्या दिवशी अखिल अरण्य कुस्ती परिषदेकडे तक्रार गेली.

या परिषदेचे अध्यक्ष होते अण्णासाहेब साळिंदर. अण्णासाहेबांनी जन्मात कुस्ती केली नव्हती. त्यांना धरायला कोणी पुढेच यायचं नाही. पण कोणाकडूनच न हरलेला एवढा एकच गृहस्थ जंगलात सापडला, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं होतं. तातडीचा पत्रव्यवहार एक गोगलगाय बघायची.

अण्णासाहेबांनी परदेशातून तज्ज्ञ बोलावल्या. फ्लेमिंगोबाई. गुलाबी, उंच आणि सदैव एका पायावर उभ्या. दुसरा पाय कायम मोकळा, त्यामुळे लाथ या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांनी येताना एक नियमावली आणली होती. तिचं नाव किकबॉक्सिंग. हाताने ठोसे मारायचे, पायाने लाथा मारायच्या. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. जी आडवी होईल ती हरली. आणि कलम सात : प्रतिस्पर्ध्याला धरायचं नाही. धरल्यास पंच तीन आकडे मोजतील, तोवर सोडलं नाही तर खेळाडू बाद.

परिषदेने ही नियमावली टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर केली. गोगलगाय टाळ्यांपर्यंत पोचली नव्हती, तिची संमती गृहीत धरली.

गिरजाक्काच्या कानावर हे गेलं तशी ती तरातरा परिषदेच्या वारुळावर गेली.

"अण्णासाब, कुस्तीत धरायचं न्हाई, तर मग करायचं काय वो? एकमेकीला पत्र लिवायचं?"

"अक्का, शांत व्हा," अण्णासाहेब म्हणाले. "काळ बदललाय. धरून बसण्याची वृत्ती आता मागासलेली समजतात."

"मग त्याला कुस्ती कशाला म्हणताय? लाथाळी म्हणा की सरळ."

"कसं म्हणणार? सुतारपक्ष्याने फलक कोरून ठेवलाय. महिला कुस्ती अजिंक्यपद. एवढा मोठा फलक फुकट घालवायचा का?"

मग अण्णासाहेबांनी हळूच पुढचं सांगितलं. या वर्षीची लढत फळ्यांवर व्हायची होती. आखाड्याच्या मातीवर सागाच्या फळ्या टाकायच्या होत्या. फळ्यांवर मधमाश्यांच्या मंडळाला आपल्या मधाची जाहिरात रंगवता येते, मातीवर ती टिकत नाही.

"फळ्या तात्पुरत्या आहेत," अण्णासाहेब म्हणाले. "तुम्ही जिंकलात तर काढून टाकू, माती तुमच्या ताब्यात. लाथा मारणारी कोणी जिंकली तर मात्र फळ्या कायमच्या. मग खालची माती काढून न्यावी लागेल. ओल धरते."

"आन माझ्या पोरी?"

"मुलींनी लाथा शिकाव्यात. भवितव्य आहे."

गिरजाक्का परत आली. येताना तिने वाटेतल्या एका दगडाला लाथ मारून पाहिली. बाळांनो, घोरपडीचा पाय किती उंच जातो हे तुम्हाला माहीत आहे का? गवताच्या शेंड्यापर्यंतही जात नाही. दगड जागचा हलला नाही, तिचा अंगठा मात्र सुजला.

समोर लढायला कोण, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सबंध जंगलात मागच्या पायांची लाथ सगळ्यात कडक कोणाची? सशिणीची. परिषदेने टिल्लीचं नाव जाहीर केलं. तिला विचारलं नव्हतं, पण अभिनंदन केलं होतं.

टिल्ली रडतच आखाड्यात आली.

"अक्का, मी न्हाई लढनार. तुमच्यावर पाय उचलू व्हय मी? जीभ झडंल माझी."

"लाथ जिभंनं मारत्यात का गं?" गिरजाक्का म्हणाली. "डोळं पूस. मातीत उतरताना वस्ताद-बिस्ताद कोन नसतं. समोर असतंय त्याला पाडायचं, एवढंच म्या तुला शिकवलंय. लढायचं, आन खरं लढायचं."

असं म्हणाली खरी. पण त्या दिवशी माती उकरताना तिचा हात पुन्हा पुन्हा थांबत होता. जिंकावं तर आपल्या पोरीला आपण पाडायचं, हरावं तर दहा पोरींच्या पायाखालची माती जायची. आणि जिंकणार तरी कशी? धरल्याशिवाय जिंकायचं कसं हे तिला माहीतच नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती कोणाला सांगता येत नव्हती.

लढतीच्या आदल्या दुपारी अण्णासाहेब स्वतः चालत तिच्या बिळाशी आले. काटे नीट पाडून बसवलेले, चेहरा गोड.

"अक्का, काळजी करू नका. उद्या तुम्ही जिंकताय."

"कशानं?"

"ठरलंय. आपली स्पर्धा आता व्यावसायिक झाली. व्यावसायिक म्हणजे निकाल आधी, कुस्ती नंतर. पहिल्या दोन फेऱ्या तुम्ही मार खायचा. वानरं हळहळतील. तिसऱ्या फेरीत तुम्ही डाव्या हाताचे दोन ठोसे मारायचे, दुसऱ्या ठोशाला टिल्ली पडेल. वानरं रडतील. पुढच्या वर्षी टिल्ली सूड घेईल. पुढच्या तीन वर्षांचे निकाल तयार आहेत."

"ही नुरा कुस्ती झाली," गिरजाक्का म्हणाली. ठरवून केलेल्या खोट्या कुस्तीला तालमीत नुरा म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की चूळ भरतात. गिरजाक्काने चूळ भरली.

"नुरा कसली? आम्ही नियोजन म्हणतो."

"टिल्लीला ठावं हाय?"

"तिला सकाळीच सांगितलं. इतका आनंद झाला पोरीला. म्हणाली, अक्कांसाठी मी दहादा पडेन." अण्णासाहेब थोडे पुढे सरकले. "माती राहील, अक्का. पुढचं वर्षभर. विचार करा."

गिरजाक्काने विचार केला. मुंगसाच्या पोरी तिला आठवल्या. त्यांच्या बापाने सांगितलं होतं, आखाडा बंद झाला की दोघींना गारुड्याकडे पाठवणार. धामण आठवली. ती आखाड्यात यायच्या आधी दिवसभर बांधाखाली दडून बसायची. गिरजाक्काने जन्मभर एकही कुस्ती खोटी केली नव्हती, आणि आता या वयात करायची होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाली मान घालून म्हणाली, "बरं."

नाकं मुरडू नका, बाळांनो. तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे. तुम्ही याहून लवकर हो म्हणाला असतात.

लढतीचा दिवस उजाडला. एकही फांदी मोकळी नव्हती. फळ्यांवर पिवळ्या रंगात मधाचं पोळं रंगवलेलं होतं. दोघींच्या हातांत शेवरीच्या कापसाचे गलेलठ्ठ हातमोजे घातले. मग अडचण आली ती गिरजाक्काच्या शेपटीची. ती हातात मोजायची की पायात? नियमावलीत काही नव्हतं, कारण ती बिनशेपटीच्या लोकांनी लिहिली होती. तासभर चर्चा झाली आणि शेपूट वेलीने पाठीला बांधून टाकली. पंच होत्या फ्लेमिंगोबाई. निकाल ठरला आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या, असं अण्णासाहेबांचं मत होतं.

पहिली फेरी सुरू झाली. टिल्लीने उडी मारून गिरजाक्काच्या जबड्यावर लाथ हाणली. पाठोपाठ दुसरी, लगेच तिसरी. ठरलेल्या कुस्तीतही लाथ लाथेसारखीच लागते, हे गिरजाक्काला नव्याने कळलं. टिल्लीचा पाय जवळ आला की तिचे हात आपोआप पकडायला पुढे जायचे. ती ते ओढून मागे घ्यायची. तिने उलट एक लाथ मारली, ती टिल्लीच्या नखाला लागली असावी. वानरं खूश होऊन आरडाओरडा करत होती.

दुसऱ्या फेरीत गिरजाक्काचा डावा डोळा सुजला. एक वानरीण रडू लागली. अण्णासाहेबांनी समाधानाने काटे खाली केले.

तिसरी फेरी. गिरजाक्काने डाव्या हाताचा पहिला ठोसा मारला. टिल्ली डगमगली, छान डगमगली. गिरजाक्काने दुसरा मारला. कापूस टिल्लीच्या मिशांना जेमतेम लागला.

आणि टिल्ली पडली. पण कशी! पोर मुळात मनापासून काम करणारी. वस्तादांची माती वाचवायची म्हणजे सगळ्यांत वरच्या फांदीलाही दिसलं पाहिजे, असं तिने ठरवलं होतं. ती तीन हात उंच उडाली आणि हवेत उलटी झाली. मातीवर असं पडलं तर काही होत नाही. तिच्या लक्षात आलं नाही की आज खाली माती नव्हती. डोकं खाली, पाय वर, अशी ती सागाच्या फळीवर येत होती, मानेवर.

आता तालमीतली एक गोष्ट ऐका. पोरगी उलटी पडताना दिसली की वस्तादाचा हात तिच्या मानेखाली जातो. वस्ताद ठरवत नाही, हात जातो. वर्षानुवर्षं रोज पंचवीस वेळा गेलेला असतो. कुस्ती मोडली तरी चालेल, मान मोडता कामा नये, हा तालमीचा पहिला धडा. तो पोरींना शिकवत नाहीत, वस्ताद होणाऱ्याला शिकवतात.

गिरजाक्काचे दोन्ही हात गेले. मोज्यांसकट गेले. टिल्लीची मान तिच्या कोपराच्या बेचक्यात आली आणि फळी चार बोटं खाली राहिली.

शिट्टी वाजली.

"धरलं!" फ्लेमिंगोबाई ओरडल्या. "कलम सात! तत्काळ सोडा! एक!"

टिल्ली उलटी लटकत होती. डोळे फिरले होते, पण तिला सगळं समजत होतं.

"अक्का, सोडा," ती पुटपुटली. "सोडा की. मी पडते आन तुमी जिंकता. माती जाईल, अक्का."

"गप. मान हलवू नगंस."

"दोन!"

अण्णासाहेबांचा एकेक काटा उभा राहिला होता. तीन वर्षांचं नियोजन त्यांच्या डोळ्यांदेखत कोपराच्या बेचक्यात अडकलं होतं. "अक्का, टाका तिला!" ते किंचाळले. "नुसतं टाका!"

गिरजाक्काने ऐकलं. टाकलं असतं तर जिंकली असती. फळी चार बोटांवर होती, पण वजन सगळं मानेवर होतं. ती हळूच गुडघ्यावर बसली. आधी टिल्लीची कंबर खाली टेकवली. मग पाठ. मग खांदे. सगळ्यात शेवटी डोकं, आणि त्याच्याखालचा हात तिने अगदी सावकाश काढून घेतला.

"तीन!" हे फ्लेमिंगोबाई कंबरेच्या वेळीच म्हणाल्या होत्या.

वरच्या फांदीवरच्या एका म्हाताऱ्या वानरिणीने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने हात खाली घेतले.

निकाल जाहीर झाला. गिरजाक्का बाद. टिल्ली सशीण महिला वनकेसरी. अण्णासाहेबांना काही बोलता येईना, कारण निकाल आधीच ठरला होता असं सांगितलं तर तो कोणी ठरवला हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी टिल्लीच्या गळ्यात हार घातला आणि छोटंसं भाषण केलं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या वस्तादाला ऐनवेळी स्वतःच्या हातांवर ताबा ठेवता येऊ नये याचं परिषदेला दुःख आहे. विनाकारण स्पर्श केल्याबद्दल गिरजाक्काला दोन वर्षांची बंदी घातली.

टिल्ली गदा ओढत गिरजाक्काकडे आली. गदा तिच्यापेक्षा मोठी होती.

"आखाडा तुमचाच हाय, अक्का. मी सांगितलं त्यास्नी. तर म्हनतात, माती ठेवायचं कलम न्हाई." तिला हुंदका आला. "का धरलंत वो? फार तर काय, मान वाकडी झाली असती."

"मोडली असती."

"मोडू द्यायची! माती तर ऱ्हायली असती!"

गिरजाक्काला हसू आलं, पण जबडा सुजल्यामुळे ते नीट जमलं नाही. "खुळी का काय तू?" ती म्हणाली. "माती कशाला असती गं? पोरीची मान वाचावी म्हनूनच की."

टिल्ली तिच्या खरखरीत गळ्यात पडून रडली. गिरजाक्काने तिला घट्ट धरलं. फ्लेमिंगोबाई शेजारूनच चालल्या होत्या. त्यांनी सवयीने शिट्टी तोंडाला लावली, पण सामना संपला होता.

पुढच्या आठवड्यात दोन हत्ती आले आणि माती उचलून घेऊन गेले. एवढी कसदार माती वाया कशी घालवायची, म्हणून अण्णासाहेबांनी ती आपल्या परसात टाकून घेतली. तिच्यात सुरण उत्तम येतो म्हणतात. मुंगूस बहिणी गारुड्याकडे गेल्या. धामण परत बांधाखाली गेली. टिल्ली पुढची तीन वर्षं नियोजनाप्रमाणे कधी जिंकली, कधी हरली, पण कितीही सांगितलं तरी ती परत कधी उलटी पडली नाही. फळ्यांवर आता पडणाऱ्याला धरायला कोणी नसतं, हे तिला माहीत होतं.

आणि गिरजाक्का? ती रोज सकाळी उठून उंबराखाली जाते. तिथे आता फळ्या आहेत. ती हात पुढे करून थोडा वेळ उभी राहते आणि परत येते.

तात्पर्य : कोणी पडताना दिसल्यास हात पुढे करण्याआधी नियमावली पहिल्या कलमापासून नीट वाचावी. वाचून होईपर्यंत पडणारा पडून होतो, आणि मग कोणाचीच अडचण राहत नाही.